रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण मुलगी जेवत नाही

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून):

सोलापुरातील एका आईने लिहिले आहे. त्यांची सतरा वर्षांची मुलगी अकरावी सायन्सला असून नीटचा क्लास करते. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात नात्यातल्या कोणीतरी तिला "अगं, केवढी सुटलीस!" असे म्हटले. त्यानंतर तिने आधी गोड सोडले, मग तेलकट, मग भात. श्रावणात सोमवार आणि शनिवार धरले, नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या ताकावर काढले आणि कोजागरीला मैत्रिणींबरोबर चालत तुळजापूर केले. तेव्हापासून कोणता ना कोणता उपवास चालूच आहे आणि पहाटे अंधारात चालायला जाणेही. चार महिने पाळी आलेली नाही, केस मूठ-मूठ गळतात, आणि मार्च महिन्यात घरात कूलर सुरू झालेला असताना ती अंगाभोवती चादर गुंडाळून अभ्यासाला बसते. फॅमिली डॉक्टरांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, एंडोस्कोपी झाली, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. पाळीसाठीही गोळ्या झाल्या. क्लासमध्ये मात्र तिचा नंबर पहिल्या पाचांत असतो. वडील म्हणतात, लाड बंद करा. आजी म्हणतात, देवाधर्माचे करते आहे तर अडवू नका. नात्यातल्या एका नर्सने मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढले, तेव्हा घरात मोठे भांडण झाले. आई विचारतात: पुढच्या वर्षी मे महिन्यात नीट आहे, तोवर थांबावे का? आत्ता उपचार सुरू केले तर अभ्यास बुडेल, आणि उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? शिवाय 'मला काही झालेलेच नाही' असे तीच म्हणते, मग जबरदस्ती कशी करायची?

ताई,

पत्रात तुम्ही मुलीच्या वजनाचे महिनावार आकडे दिले होते. ते मी मुद्दाम गाळले, कारण हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्या मुलीसारख्या इतरही मुली असणार, आणि या अवस्थेतल्या मुलीला दुसरीच्या वजनाचा आकडा गाठायचे लक्ष्य वाटू लागतो. डॉक्टरांना मात्र ते सगळे आकडे तारखांसकट दाखवा.

केवळ पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तरीही तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकत्र पाहिल्या, तर अॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे माणूस अगदी उपासमार होईपर्यंत खाणे तोडत नेतो त्या मानसिक आजाराची दाट शंका यावी इतक्या त्या परस्परांशी जुळतात, आणि म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते: थांबू नका, याच आठवड्यात तिला तपासणीला न्या. वाढत्या वयात हा आजार जितका लवकर ओळखला जातो, तितकी तो पूर्ण बरा होण्याची शक्यता जास्त असते. दुसरी बाजूही तुमच्यापासून लपवणार नाही. ज्या मानसिक आजारांत मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो, त्यांत याची गणना होते, आणि हे मृत्यू उपासमारीने हृदय थकून जसे होतात तसे आत्महत्येनेही होतात.

तुमच्या घरात तीन माणसांची तीन मते दिसत असली, तरी तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे मुलगी ठरवून जेवत नाही, आणि तिने ठरवले तर जेवेल. वडिलांना त्यात हट्ट दिसतो, आजींना निष्ठा दिसते, आणि तुम्हाला वाटते की परीक्षेचे ओझे उतरले की ती आपसूक ताटावर येऊन बसेल. सुरुवातीचा निर्णय तिचा असेलही. पण उपासमार काही महिने टिकली, की पुढचे निर्णय उपाशी मेंदू घेऊ लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले होते, आणि ते शरीराने व मनाने धडधाकट असल्याची खात्री करूनच त्यांची निवड झाली होती. सहा महिने त्यांना नेहमीच्या साधारण निम्माच आहार देण्यात आला. बारीक होण्याची हौस त्यांच्यापैकी कोणालाही नव्हती. तरीही ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, ताटातले थोडेसे अन्न कितीतरी वेळ पुरवून खाऊ लागले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि डोक्यात खाण्यापिण्याखेरीज विषय उरला नाही. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांची मने पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले.

हे वाचताना तुम्हाला तुमच्याच पत्रातला रविवार आठवला असेल. तुम्ही लिहिता की ती हौसेने उखळात शेंगांची चटणी कुटते, कडक भाकरी काढून सगळ्यांची पाने घेते, धाकट्या भावाला "अजून एक घे" म्हणून आग्रह करते, आणि स्वतःच्या बोटांना लागलेली चटणी मात्र न चाटता फडक्याला पुसून अभ्यासाला निघून जाते. यात ढोंग नाही. भुकेलेले मन अन्नाभोवतीच घुटमळत असते आणि त्याच वेळी त्या अन्नाचा घास घ्यायची त्याला धास्ती वाटत असते. अशा मुलीला 'तू मनावर घे' असे सांगून काही साधत नाही, कारण ज्या मनावर तिने घ्यायचे तेच आजारी आहे. मन ताळ्यावर आले की जेवेल, असे आपल्याला वाटते. इथे क्रम उलटा आहे. आधी नियमित अन्न पोटात जाते, वजन भरून येते, आणि मग बऱ्याच काळाने मन मोकळे होते. 'मला काही झालेलेच नाही' हे तिचे म्हणणे खोटे नाही, तिला खरोखरच तसे वाटते, आणि तसे वाटणे हे या आजाराच्या लक्षणांपैकी आहे. म्हणून तिला पटेपर्यंत वाट पाहणे म्हणजे आजाराचीच परवानगी मागत बसणे होय.

नातलगाच्या त्या एका वाक्याने हे सगळे घडले का, असे तुम्ही विचारले आहे, आणि तुम्हीही पूर्वी डाएट केले होते हे जरा ओशाळून लिहिले आहे. लग्नाकार्यात पोरीबाळींच्या अंगकाठीवर शेरे मारण्याची आपल्याकडची सवय वाईटच आहे, आणि ती मोडायलाच हवी. पण तसे शेरे शंभर मुली ऐकतात आणि त्यांतली एखादीच या वाटेला जाते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय जनुकीय संशोधनात त्याच्याशी निगडित अशा गुणसूत्रांवरील आठ जागा सापडल्या, ज्यांचा संबंध मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशीही आहे. दोष कोणाचा, याचा तपास आत्ता बाजूला ठेवा. त्यात घरातली माणसे एकमेकांपासून दुरावतात, आणि उपचारासाठी तुम्हाला सगळे एकत्र हवे आहेत.

रिपोर्ट नॉर्मल आले याने तुम्हाला दिलासा मिळाला, तो मला हिरावून घ्यावा लागतो आहे. अन्न कमी पडले की शरीर काटकसर करू लागते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, अंग गार पडते, पाठीवर आणि हातांवर बारीक लव येते, पाळी थांबते. हे सगळे सोसून रक्तातले घटक मात्र शरीर बराच काळ प्रमाणात राखते, आणि म्हणून गंभीर आजार असतानाही रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते. सोलापूरच्या मार्चमध्ये ज्या मुलीला चादर लागते, तिच्याबद्दल ती चादर प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा जास्त सांगते. पाळीच्या गोळ्यांचेही असेच आहे. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण शरीराची स्वतःची पाळी त्यामुळे सुरू झाली असे होत नाही आणि हाडांची झीजही थांबत नाही. आयुष्यभर पुरायची हाडांची पुंजी मुख्यतः याच वयात साठते, आणि या वर्षांत झालेला तोटा पुढे पूर्ण भरून निघेलच याची खात्री नसते. वजन पूर्ववत झाले की पाळी बहुतेकींची परत येते. मात्र त्याचे औषध अन्न हेच आहे.

तिच्या अभ्यासाकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता की डोके तर छान चालते आहे. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली या आजाराची जी पहिली सविस्तर वर्णने नोंदवली, त्यांत एक अठराव्या वर्षातली लंडनची मुलगी आहे. तिची पाळी थांबली होती, अन्नावरची वासना गेली होती, आणि ती रात्रंदिवस पुस्तकांत डोके घालून बसत असे. थोडे उपचार करून घेऊन तिने पुढचे नाकारले आणि काही महिन्यांत ती दगावली. मॉर्टनचा दुसरा रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला त्याने अभ्यास सोडून गावाकडच्या हवेत राहायला लावले, दूधदुभत्याचा आहार दिला, आणि तो बराचसा सावरला. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव तर पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८७३ मध्ये, लंडनच्या विल्यम गल यांनी दिले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही असेच रुग्ण वर्णिले. हे एवढ्यासाठी सांगितले, की मोबाइल काढून घेतला की आजार जाईल असे कोणी म्हटले तर त्यावर विसंबू नये. मोबाइलने आजाराला खतपाणी मिळते हे खरे आहे, पण तो मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि हुशार, शिस्तीच्या, चुका न खपवून घेणाऱ्या मुलांना तो अधिक गाठतो, त्यामुळे चांगले मार्क हा प्रकृतीचा पुरावा मानता येत नाही.

मग नीटचे काय? टायफॉइड झाला असता तर तुम्ही परीक्षेचे वेळापत्रक बघून औषध लांबवले नसते, आणि हा आजार टायफॉइडपेक्षा चिवट आहे. नीट दरवर्षी होते, ती किती वेळा द्यावी याला बंधन नाही, आणि वयाची कमाल अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. शिवाय चौदा महिने असेच काढले, तर परीक्षेच्या दिवशी तीन तास बसण्याचे त्राण तिच्यात उरेल का, हाच प्रश्न आहे. अभ्यास पूर्ण बंद करायचा की निम्मा, हे डॉक्टर तिची नाडी आणि वजन पाहून ठरवतील. क्लाससाठी तिला लातूरला किंवा पुण्याला ठेवण्याचा विचार तुम्ही ओझरता लिहिला आहे. तो मात्र तूर्त पूर्णपणे सोडा. वसतिगृहात कोणाच्या ताटात काय उरले हे पाहणारे कोणी नसते.

उपवासाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्याकडे हा आजार सर्वांत जास्त दडतो तो इथेच. पाश्चात्त्य वर्णनांत 'मी लठ्ठ आहे' हा ध्यास ठळक असतो. भारतातील आणि हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र १९९० च्या दशकातच नोंदवले की त्यांच्याकडच्या अनेक मुली असे म्हणतच नाहीत. त्या म्हणतात की पोट गच्च वाटते, भूक नाही, जात नाही. मग ॲसिडिटीचे उपचार होतात, आणि उपवासाला तर कोणी नावच ठेवत नाही. श्रद्धेचा उपवास आणि आजाराचा उपवास ओळखण्याची माझी साधी कसोटी अशी, की श्रद्धेचा उपवास सुटतो. त्याला पारणे असते, पारण्याला पुरण असते, आणि ते खाताना माणूस सुखावतो. जो उपवास सोडण्याच्या वेळी मुलगी रडकुंडीला येते, जो संपण्याआधीच पुढचा ठरलेला असतो, त्याचा देवाशी फारसा संबंध नसतो.

इथे तुमच्या सासूबाई अडसर ठरतील असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला वाटते, त्या तुमच्या सर्वांत मोठ्या आधार ठरू शकतील. आजाऱ्याला उपवास माफ असतो, हे त्या स्वतःच्या आयुष्यात अनेक बाळंतिणींना आणि तापाने फणफणलेल्यांना सांगत आल्या असतील. डॉक्टरांचे म्हणणे त्यांना प्रत्यक्ष ऐकवा, आणि मग त्यांनीच नातीला जवळ घेऊन सांगावे की तुझ्या वाटचे उपवास मी करीन, तुझ्या व्रताचे उद्यापन आपण या शुक्रवारीच करू. तुम्ही उपवास मोडायला लावलात तर ते भांडण होईल. आजींनी सोडवला तर त्यात मुलीचा अपमान होत नाही. पुढचा श्रावण आणि नवरात्र येतील तेव्हाही, ती बरी दिसत असली तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही उपवास नको.

वडिलांना एवढेच सांगा की त्यांच्या ठामपणाची गरज आहे, रागाची नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार करण्याची एक पद्धत विकसित झाली. कमी वयात आणि अलीकडे आजारी पडलेल्यांना तिचा चांगला उपयोग होतो, असे तेथील १९८७ च्या अभ्यासात दिसले, आणि आज किशोरवयीनांसाठी तीच पद्धत जगभर आधी सुचवली जाते. तिचा गाभा असा, की काही महिने जेवणाचे निर्णय आईवडील आपल्या हाती घेतात, म्हणजे काय, किती आणि केव्हा हे तेच ठरवतात, वाढतात, आणि जेवण संपेपर्यंत शेजारी बसतात. वजन भरत आले की हे निर्णय हळूहळू मुलीकडे परत दिले जातात, आणि तिच्या मनातल्या इतर गोष्टींवरचे बोलणे त्यानंतर येते. आठ-दहा दिवसांत होणारे हे काम नाही, सहा महिने ते वर्ष लागते. ताटावर बसल्यावर पोळीला तूप का लावले याची वकिली सुरू होईल, तेव्हा त्या वादात शिरू नका. "तुला किती अवघड जाते आहे ते मला दिसते आहे, तरी एवढे संपेपर्यंत मी इथेच बसणार आहे," एवढेच शांतपणे आणि लागेल तितक्या वेळा म्हणा. आई एक सांगते आणि बाबा दुसरे, असे होऊ देऊ नका. आजार ती फट लगेच शोधतो. धाकट्याला बहिणीवर पाळत ठेवायला लावू नका. घरातला वजनकाटा उचलून ठेवा, वजन फक्त दवाखान्यात होऊ द्या, आणि पहाटेचे चालणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद करा. पुढे थोडी सुधारणा दिसली, की 'गाल वर आले हो' असे कौतुक करायला नातेवाईक येतील. त्यांना आधीच गप्प करून ठेवा, कारण तिला ते कौतुक त्या लग्नातल्या शेऱ्यासारखेच ऐकू येईल.

हे सगळे मात्र पहिल्या तपासणीनंतरच सुरू करायचे. इतके महिने कमी खाल्लेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली जाऊन हृदय धोक्यात येऊ शकते. आजच्या आज पुरणाचे ताट वाढावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण किती अन्नाने सुरुवात करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. फिजिशियनकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे नाडी, झोपून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब, अंगाचे तापमान, ईसीजी आणि रक्तातील क्षार पाहून घ्या. अॅनोरेक्सियाची शंका आहे असे स्वतःहून म्हणा, नाहीतर पुन्हा ॲसिडिटीच्याच गोळ्या मिळतील. जागेपणी नाडी मिनिटाला ५० पेक्षा कमी भरत असेल, उठताना ती कोसळत असेल, छातीत धडधडत असेल, पाणीही नाकारत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, खासगी तज्ज्ञही सोलापुरात आहेत, आणि गरज पडली तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बाल व किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिला फसवून, दुसरेच कारण सांगून नेऊ नका. तो विश्वास पुढे वर्षभर लागणार आहे. आजार मान्य करायला लावण्याचीही गरज नाही. थंडी, चक्कर, गळणारे केस यांचा त्रास तिला स्वतःला होतो आहे, त्यासाठी जायचे आहे असे सांगा, आणि हे आईबाबांनी ठरवले आहे हेही स्पष्ट सांगा. ती अठरा वर्षांची नाही, निर्णय तुमचा आहे.

लग्नाबद्दल एवढेच लिहिते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते, त्यामुळे पॉलिसी असेल तर कागद काढून ठेवा. उद्याच्या सोयरिकीची काळजी आज इतकी मोठी वाटते, याचे कारण मुलीच्या जिवाचा धोका अजून तुमच्या घरात कोणी मोठ्याने बोललेले नाही.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. हा आजार मुलग्यांनाही होतो, आणि तो त्यांच्यात फारच उशिरा ओळखला जातो, कारण वजन उतरवण्याला तिथे फिटनेस म्हणतात. कुस्ती, धावणे अशा वजनाशी जोडलेल्या खेळांच्या प्रशिक्षकांनी आणि शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. दुसरे म्हणजे, मुलगी काटकुळी दिसेपर्यंत थांबू नये. मूळची अंगाने भरलेली मुले झपाट्याने उतरली, तर दिसायला ठीकठाक असतानाही त्यांचे हृदय आणि पाळी तितकीच अडचणीत आलेली असू शकते, आणि त्या काळात आजूबाजूचे लोक बहुधा त्यांची पाठ थोपटत असतात.

आणि हे सदर एखादी मुलगी किंवा मुलगा स्वतःशी पडताळत वाचत असेल, तर घरात बोलणे जमत नसेल तेव्हा आत्या, मावशी, वर्गशिक्षिका यांपैकी ज्यांच्याशी जमेल त्यांना हा मजकूर दाखवावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. फोन कोण करतो आहे हे घरच्यांनी विचारायच्या आत तो करायला हरकत नाही.